पहिली रायफल घेताय? ठाणे-नवी मुंबईतून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आपल्या ठाण्याचा मुलगा, आणि तेव्हापासून आमच्या रेंजवर येणाऱ्या आई-बाबांची संख्या वाढतेच आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात. मी गेली बरीच वर्षं शूटिंग करतो, नवीन मुलांच्या रायफली सेट करून देतो, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न इथे एकत्र लिहून काढलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मी यूट्यूबवर छोट्या बोल्ट अ‍ॅक्शन हंटिंग रायफली (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे ओढायचा) बघतो. तशी एखादी घेऊन शिकारीला जाता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर ३ ते ७ वर्षं कैद आहे. येऊरच्या जंगलात किंवा कर्नाळ्याच्या बाजूला 'नुसतं बघायला' बंदूक घेऊन जाणं हा पण वेडेपणाच, अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं हाच वेगळा गुन्हा आहे.

त्या व्हिडिओतल्या १८-२० इंची बॅरलच्या रायफली ज्या देशांत सीझन ठरवून शिकारीचं परमिट मिळतं तिथल्या आहेत. आपल्याकडे रायफलीची हौस असेल तर रस्ता टार्गेट शूटिंगचा, आणि मनापासून सांगतो, तो कमी आनंदाचा अजिबात नाही. १० मीटरवर जो १० चा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाने टिंब काढलं की जेवढं होतं तेवढा. तो उभं राहून, हातात चार-साडेचार किलो धरून, ६० वेळा मारायचा. शेतात रानडुकरांचा त्रास असेल तर प्रश्न १७ बघा.

२. एअर रायफलला लायसन्स लागतं का?

मॅच म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलला नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे मझल एनर्जी (छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा) २० ज्यूलच्या वर किंवा बोअर (नळीच्या आतल्या भोकाचा व्यास) ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीच्या वर असेल तर लायसन्स लागतं. स्पर्धेची रायफल ४.५ मिमीचीच असते आणि एनर्जी साधारण साडेसात ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली.

गडबड होते ती ५.५ मिमीमध्ये. दुकानात किंवा ऑनलाइन '२२ बोअर एअरगन' म्हणून दिसते, दिसायला सारखीच, फोटोवरून फरक कळतच नाही, पण बोअर ४.५ च्या वर गेल्यामुळे ती लायसन्समध्ये येते. त्यामुळे आधी बोअर विचारा, मग किंमत. ओळखपत्र देऊन बिलावरच घ्या आणि बिल कायम जपून ठेवा, ते पुढे कुठे लागतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. मुलगी ११ वर्षांची आहे, लवकर होईल का?

वयापेक्षा अंगकाठी बघायची. या वयाला उभ्याने साडेचार किलोची रायफल धरायला लावली तर पाठीचा कणा वाकवून धरते आणि तीच सवय लागते. सुरुवातीला स्टँडवर टेकवून, हलकी रायफल देऊन, आठवड्यातून दोन-तीन दिवस बस. चांगला कोच पहिले काही आठवडे रायफल हातात कमी आणि सेफ्टी, उभं राहणं, श्वास यावरच जास्त वेळ देतो. आई-बाबांना वाटतं फी वाया चालली, पण तसं नसतं.

४. ठाणे-नवी मुंबईत शिकायचं कुठे?

आता १० मीटरच्या रेंज बऱ्याच झाल्यात कारण जागा कमी लागते. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलला गेलेल्या त्या, आणि त्याच वर्षी ४०० पैकी ४०० मारलेले. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. मोठ्या स्पर्धा पुण्याला बालेवाडीला होतात. बाकी घोडबंदर रोड, खारघर, वाशी या भागात घराजवळ काही आहे का ते स्वतः जाऊन बघा.

जाऊन काय बघायचं? सगळे शूटर फायरिंग लाइनवर असताना कोणी पुढे टार्गेटकडे जातंय का, हे एवढंच बघा. जाताना दिसलं तर तिथून परत फिरा. दुसरं, रायफल टेबलावर ठेवलेली असताना तिच्या बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती भडक रंगाची दोरी, घातलेली आहे का. या दोन गोष्टी नीट असतील तर बाकीचं पण साधारण नीट असतं.

५. आधी रायफल घेऊ की आधी क्लास लावू?

क्लास. निदान सहा महिने क्लबच्या रायफलीवर मारा. इंपोर्टेड मॅच रायफल लाखाच्या वर जाते आणि मुलांचं मन कधी बदलेल सांगता येत नाही. पण पैशापेक्षा मोठं कारण हे की सहा महिन्यांनी तुम्हाला कळलेलं असतं की तुमच्या अंगाला काय लागतं. त्याआधी घेतलेली रायफल ही दुसऱ्या कोणाच्या तरी सल्ल्याची रायफल असते.

या काळात खर्च करायचाच असेल तर शूटिंग शूज आणि ग्लोव्हवर करा. जॅकेट वाढत्या वयाच्या मुलाला घाईने शिवू नका, वर्षभरात आखूड होतं.

६. ओपन साइट घ्यावी की पीप साइट?

शाळेच्या आणि राज्य पातळीच्या स्पर्धांमध्ये ओपन साइटचा वेगळा इव्हेंट असतो, भारतीय बनावटीची रायफल, मागे खाच पुढे काडी, बजेट कमी असेल तर सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. प्रीसीहोलसारख्या भारतीय कंपनीमुळे या गटात आता निवड आहे. पण पुढे नॅशनल आणि आंतरराष्ट्रीय इव्हेंट पीप साइटचा असतो, म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे गोल रिंग. पुढे जायचं पक्कं असेल तर ओपनमध्ये दोन वर्षं घालवून मग नव्याने शिकण्यापेक्षा क्लबच्या पीपवर शिका.

स्कोप लावू का, हेही विचारतात. आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय शूटिंग महासंघ) रायफल इव्हेंटमध्ये टेलिस्कोप चालत नाही.

७. उंची कमी आहे, कॉम्पॅक्ट मॉडेल कोणतं?

ज्युनिअर मॉडेल्स आहेत. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अ‍ॅन्शुट्झ या तिन्ही जर्मन कंपन्या आखूड बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि कमी वजनाची रायफल काढतात. तिन्ही चांगल्या, यावरून भांडू नका. नियमाने कमाल वजन ५.५ किलो आहे पण ती कमाल आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. साडेतीन-चार किलोची ज्युनिअर, जिला नंतर वजनं आणि लांब बट लावता येईल अशी, १२ ते १६ वयाला बरी पडते.

उजवी-डावी ग्रिप ठरवताना हात नाही, डोळा बघा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांचा त्रिकोण करा, त्यातून समोरचा लाइटचा स्विच बघा, आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने स्विच त्रिकोणातच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताने लिहिणारं पण डाव्या डोळ्याचं मूल असेल आणि अजून सुरुवातच असेल तर मी डाव्या रायफलीवर घालतो, महिनाभर अवघडतं मग सुटतं. जो आधीच दोन वर्षं उजव्याने मारतोय त्याला बदलू नका, दुसऱ्या डोळ्यासमोर ब्लाइंडरची पट्टी लावून काम भागतं.

८. सेकंड हँड मिळतेय, घेऊ का?

घ्या, पण हवेचा सिलेंडर आधी बघा. माझीच चूक सांगतो. पहिली पीसीपी (दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल मी सेकंड हँड घेतली, बॅरल बघितलं, ट्रिगर बघितला, साइट बघितली, खूश होऊन घरी आलो. सिलेंडरवरची तारीख पहिल्या स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) टेबलामागच्या माणसाने भिंगाने वाचून दाखवली. दहा वर्षं उलटून गेली होती. त्या दिवशी दुसऱ्याचा सिलेंडर मागून मारलं आणि पुढच्या महिन्यात नवा घेतला, स्वस्तात मिळालेली रायफल होती तेवढीच महाग पडली.

हे सिलेंडर २०० बारला भरतात. कारच्या टायरमध्ये साधारण अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या की गालाखाली काय धरलंय. कंपन्या बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं सांगतात, स्पर्धेतही तोच निकष. तारीख सिलेंडरच्या अंगावर कोरलेली असते, महिना आणि वर्ष. कोणी खोडलेली, रंगवलेली असेल तर सौदा तिथेच थांबवा. बाकी बॅरल सहसा जात नाही, सील आणि ट्रिगर सर्व्हिस होतात. बिल मूळ मालकाच्या नावाचं आणि त्याची सही असलेलं हस्तांतराचं पत्र, दोन्ही घ्या.

९. रायफल आली. आता सेट कशी करायची?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे लांब लिहितोय. लोक रायफल जशी बॉक्समधून निघते तशी खांद्याला लावतात आणि मग मान वाकडी करून, खांदा उचलून स्वतः रायफलीत बसतात. उलटं करायचंय. आधी रायफलीशिवाय टार्गेटला आडवं उभं राहा, पाय खांद्याएवढे, डावं कोपर कमरेच्या हाडावर, मान सरळ. (डावखुऱ्यांनी उलटं वाचा.) आता ही पोझिशन तशीच ठेवून रायफल तुमच्यापर्यंत यायला हवी.

पहिलं बटची लांबी. उजवा हात ग्रिपवर असताना बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ पडायला हवं, मनगट दुमडलेलं नको. लांबी जास्त असेल तर शरीर मागे कलतं. आमच्याकडे १२ वर्षांची एक मुलगी सारखी उजवीकडे ८ मारत होती, तिच्या बाबांना वाटायचं ट्रिगर खेचते. बटमधले दोन स्पेसर काढले, जेमतेम दोन सेंटीमीटर, आणि तिचा खांदा आपोआप खाली आला. ट्रिगरला हात लावावाच लागला नाही.

मग बटप्लेटची, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या पट्टीची, उंची. रायफल डोळ्यापर्यंत यावी यासाठी बटप्लेट खाली सरकवायची, मान खाली घालायची नाही. यानंतर चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग. डोळे मिटा, गाल ठेवा, अंग सैल सोडा, मग डोळे उघडा. मागच्या भोकात पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. वर-खाली दिसली तर चीकपीसची उंची, डावी-उजवीकडे दिसली तर त्याची जाडी बदला. गाल दाबून रिंग मधे आणू नका, साठाव्या शॉटपर्यंत गाल तेवढाच दाबलेला राहत नाही.

मागची साइट डोळ्यापासून चार बोटांच्या आसपास. भोक १ ते १.२ मिमी. पुढची रिंग नवीन मुलांना बारीक आवडते, काळ्या वर्तुळाला घट्ट बसणारी, कारण अचूक वाटतं. प्रत्यक्षात ३०.५ मिमीचं ते काळं वर्तुळ रिंगमध्ये हलताना इतकं दिसतं की मूल घाबरून ट्रिगर दाबतच नाही. मोठी रिंग घ्या, भोवती भरपूर पांढरं दिसू द्या.

वजनं सगळ्यात शेवटी. आणि एका दिवशी एकच बदल. पेन्सिलने बटच्या पट्टीवर खूण करा, मोबाइलवर फोटो काढा, वहीत तारीख घाला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्कोअर वाढला तरी कशामुळे वाढला ते कधीच कळणार नाही. स्टॉकचे मोठे स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचनेच आवळा, हाताच्या अंदाजाने नको.

१०. सगळे शॉट वर जातात, मी साइट H कडे नाही फिरवली तरी! उलट T कडे फिरवतोय, अजून वर जातात.

हा प्रश्न दर महिन्याला येतो. बहुतेक जर्मन साइटवर H म्हणजे 'वर न्या' असं नसतं, 'शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा' असं असतं. T म्हणजे खाली लागला असेल तर. L आणि R चंही तसंच. एकदा दहा क्लिक फिरवून कागदावर किती सरकतं ते बघून ठेवा, वहीत लिहा.

साइटला हात लावण्याआधी एक बघा, ग्रुप आहे का? पाच शॉट एका जागी असतील तरच साइट फिरवा. विखुरलेले असतील तर प्रॉब्लेम साइटचा नाही, पोझिशनचा आहे, प्रश्न ९ कडे परत जा.

११. ट्रिगर किती हलका ठेवू?

एअर रायफलचा ट्रिगर दाबायला किमान किती वजन लागावं याचा नियम नाही, त्यामुळे मुलं एकमेकांत 'माझा ३० ग्रॅम' असं सांगत असतात. सुरुवातीला १०० ते १५० ग्रॅम ठेवा. दोन टप्पे स्पष्ट कळले पाहिजेत, पहिला सैल, मग एक भिंत, मग सुटतो. ती भिंत बोटाला कळत नसेल तर शॉट तुम्ही मारत नाही, तो सुटतो.

१२. छर्रे कोणते?

सपाट तोंडाचे मॅच पेलेट, ५०० चा डबा, एक पेलेट साधारण ०.५३ ग्रॅम. डब्यावर ४.४९, ४.५० असे डोक्याचे माप असतात. महागडा म्हणजे तुमच्या बॅरलला चांगला असं नाही, दोन-तीन माप मागून रायफल क्लँपमध्ये लावून ग्रुप बघा आणि जो बसला त्याच लॉटचे जास्त डबे घ्या. डबा खाली पडला तर ते पेलेट वॉर्मअपला वापरा, शिशाची कड लगेच दबते. शिसं आहे म्हणून मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, वडापाव तर नाहीच. मुलांना हे रोज सांगावं लागतं.

१३. चष्मा आहे, चालेल का?

चालतं. रोजच्या चष्म्याच्या काचेच्या कडेतून बघावं लागतं म्हणून त्रास होतो, शूटिंग फ्रेममध्ये काच डोळ्यासमोर बरोबर काटकोनात लावता येते. डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा की मला समोरची रिंग, हाताच्या अंतराहून थोडी लांब, स्पष्ट दिसायला हवी, टार्गेट किंचित धूसर चालेल.

१४. घरी सराव करता येईल का? बाल्कनीत?

बाल्कनीत नाही, कधीच नाही. सोसायटीतली कबुतरं, कुत्री यांच्यावर मारणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा आहे, आणि पेलेट चुकला तर खाली खेळणाऱ्या मुलाचा डोळा जाऊ शकतो.

घरी ड्राय फायर करा. मॅच रायफलीत त्यासाठी सोय असते, ट्रिगर पडतो पण हवा सुटत नाही. भिंतीवर एक छोटा काळा ठिपका चिकटवा, हॉल पाच मीटरचा असेल तरी पुरतो. पेलेटचा डबा त्या खोलीत ठेवायचाच नाही, रेंजच्या बॅगेत कुलपात. रोज वीस मिनिटं असं केलं तर दोन महिन्यांत फरक दिसतो, मी बघितलाय.

हवेचं विचारलंत तर घरी कॉम्प्रेसर घेऊ नका, क्लबच्या मोठ्या सिलेंडरवरून भरा, एका भरण्यात दोनशेच्या वर शॉट होतात.

१५. लोकलने रायफल नेली तर पोलीस अडवतील का?

विचारू शकतात, आणि विचारलं तर शांतपणे दाखवायचं. हार्ड केस, कुलूप, आत रायफलीत सेफ्टी फ्लॅग, पेलेट वेगळ्या पिशवीत. बिलाची कॉपी, क्लबचं किंवा असोसिएशनचं कार्ड, स्पर्धेला जात असाल तर एंट्रीची प्रिंट. केस सव्वा मीटरची असते, सकाळी साडेआठच्या ठाणे फास्टमध्ये ती घेऊन चढायचा विचार करू नका. मेट्रोला बॅग स्कॅन होते त्यामुळे मी तरी जात नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. निवडणूक, सण, मोर्चे यांच्या काळात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगून फिरायला मनाई करतात. ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयं वेगळी आहेत, ऐरोली ओलांडली की हद्द बदलते. त्या दिवसांत स्पर्धा असेल तर आयोजकांचं पत्र घेऊन आधी पोलीस स्टेशनला कळवा. विमानाने जाताना एअरलाइनला आधी सांगा, सिलेंडर रिकामा करून.

पावसाळ्यात केस भिजली तर घरी आल्या आल्या रायफल बाहेर काढा. आतला फोम पाणी धरून ठेवतो आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत दोन दिवसांत बटच्या स्क्रूवर नारिंगी रेघ दिसते. बाहेरच्या लोखंडाला तेलाचं फडकं, बॅरलच्या आत तेल नाही, फक्त कोरडे फेल्ट पेलेट (सफाईचे मऊ तुकडे). सिलिका जेलच्या पुड्या महिन्याला बदला.

१६. खरी बोल्ट अ‍ॅक्शन, .२२, कधी घेता येईल?

५० मीटर थ्री पोझिशनची रायफल म्हणजे .२२, एकेक गोळी बोल्टने भरायची. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं ते याच इव्हेंटमध्ये. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, प्रत्येकी २० शॉट. हिला लायसन्स लागतंच. लायसन्सचं वय साधारण २१, त्याआधी क्लबच्या शस्त्रावर ट्रेनिंगची कायद्यात तरतूद आहे. अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, घरी चौकशी होते, सोसायटीतही विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स ५ वर्षांचं झालंय.

माझं मत, एअर रायफलवर राज्य स्पर्धेला पात्र होईपर्यंत .२२ चा विषय काढू नका. वजन ८ किलोपर्यंत जातं आणि त्या गोळीचा पल्ला दीड किलोमीटरच्या वर आहे, दहा मीटरवरच्या शिस्तीत एक टक्का ढिलाई असेल तर इथे ती चालत नाही. सेटिंगची तत्त्वं प्रश्न ९ चीच, फक्त प्रत्येक पोझिशनला वेगळे आकडे, वहीत तीन पानं.

१७. गावाला (रायगड/रत्नागिरी) रानडुकरं भात लोळवतात. एअर रायफल चालेल का?

नाही, दोन्ही कारणांनी. साडेसात ज्यूलने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर अंगावर येतं किंवा आठवडाभर तडफडतं. आणि कायद्याने परवानगीशिवाय ती शिकारच आहे.

कायद्यात वाट आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कलम ११ खाली लेखी परवानगी देऊ शकतो. रेंज फॉरेस्ट ऑफिसला नुकसानीचे फोटो, सातबारा घेऊन अर्ज करा. नुकसानभरपाईचा अर्जही त्याच वेळी द्या, पंचनामा ताज्या नुकसानीचा लागतो, त्यामुळे शेत नीट करायच्या आधी.

१८. मुलगा स्पर्धेत उतरणार आहे, पुढचा रस्ता कसा असतो?

क्लब, जिल्हा, राज्य, मग पात्रतेचे स्कोअर करत नॅशनल. मधे मावळंकर स्पर्धा लागते, दादासाहेब मावळंकर म्हणजे पहिल्या लोकसभेचे सभापती, नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ला उभी करण्यात ते होते. एअर रायफलला ६० शॉट, ७५ मिनिटं, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सायटिंग (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४.

पहिल्या स्पर्धेला मागच्या बाजूला बसून मुलाचा प्रत्येक शॉट मॉनिटरवर बघू नका, तो वळून तुमचं तोंड बघतो. बाहेर चहा घ्या. जॅकेट आणि रायफलची तपासणी आदल्या दिवशीच करून घ्या, सिलेंडरच्या तारखेसकट.